माशांच्या टाकीच्या मोटरमध्ये पाणी शिरलं. वाळवून वापरू की फेकून देऊ?

झुळूक (सोमवार, सकाळी ९.४०)

जाणकारांनी मदत करा, मला यातलं शून्य कळतं.

आमच्याकडे दोन फुटी टाकी आहे. त्यात दोन गोल्डफिश, नावं भजी आणि पाव (मुलाने ठेवलीत, मी नाही). शनिवारी रात्री दोनच्या सुमारास लाईट गेली. पावसाळ्यात आमच्या डोंबिवलीला त्याचं नवल नाही. पहाटे कधीतरी आली. सहाला उठून बघते तर टाकीखालच्या फळीवर पाणीच पाणी. फळीवर ठेवलेली हवेची मोटर नेहमीच्या घर्रर्रऐवजी घसा बसल्यासारखी गुरगुरतेय, आणि टाकीतलं पाणी चार बोटं खाली गेलेलं. मी फळी पुसली, बादलीभर पाणी ओतून टाकी भरली, आणि आतला, नळीच्या टोकाचा हवेचा दगड सरळ करायला हात घातला तर कोपरापर्यंत झिणझिण्या! ओरडलेच. नवरा म्हणाला, हात अवघडला असेल.

मोटरची पिन तेव्हाच काढली. बाकी सगळं जसंच्या तसं आहे, मासे ठीक दिसतायत. आता मोटर वाळवून परत लावू का? दुकानदार म्हणतो "मॅडम, उन्हात ठेवा, काही होत नाही." ऊन कुठून आणू, ते तो सांगत नाही.

चकलीवाला (९.५२)

आता नवऱ्याला हात घालायला सांगा. अवघडतो का बघा. (हलके घ्या.)

दीड_शहाणा (१०.०५)

दोन दिवस तांदळात पुरून ठेवा. माझा फोन असाच वाचला होता.

चकलीवाला (१०.०७)

कोलम चालेल का आंबेमोहोरच लागतो?

गप्पी_गोष्टी (१०.४०)

झुळूकताई, वीसेक वर्षं मासे पाळतोय आणि हा प्रकार माझ्याकडे दोनदा झालाय. मोटर टाकीच्या खाली ठेवली होती, हेच मूळ कारण. मोटर चालू असते तोवर हवेचा दाब नळीतलं पाणी खाली ढकलून ठेवतो. लाईट गेली की दाब गेला, पाणी नळीत चढतं, आणि एकदा टाकीची कड ओलांडून खाली उतरलं की सायफन सुरू. शाळेत आपण वक्रनलिका शिकलो होतो, तीच. मग ते मोटरच्या पोटात शिरून फटीफटीतून फळीवर येतं. नशीब समजा की मोटरच्या आतल्या झडपा अरुंद असतात म्हणून पाणी हळू येतं. नुसती नळी असती तर दगड तळाशी असल्यामुळे सकाळपर्यंत भजी-पाव कोरडे पडले असते.

आत काय असतं ते सांगतो, म्हणजे वाळवायचं काय ते कळेल. एक तारेची कॉइल, तिच्यासमोर चुंबक लावलेली पट्टी, आणि पट्टीच्या टोकाला रबराची वाटी. आपली वीज सेकंदाला पन्नास वेळा हेलकावते, तितक्या वेळा ती पट्टी थरथरते आणि वाटी भात्यासारखी हवा मारते. वाटीखाली कागदासारख्या पातळ रबराच्या दोन झडपा. फिरणारं असं काहीच नाही. म्हणजे तिला मोटर म्हणणंसुद्धा चूकच, पण सगळे म्हणतात.

पाणी शिरल्यावर झडपा चिकटतात, म्हणून घसा बसतो. कॉइलवर वार्निश असतं, तिला थोडं पाणी लागलं म्हणून ती लगेच मरत नाही. तळाचे चार स्क्रू काढा, रबरी भाग वेगळे करा, स्वच्छ पाण्याने धुवा, पंख्याखाली तीन दिवस. माझी एक अशीच वाळवलेली मोटर चार वर्षं चालली.

ठसका (११.१५)

गप्पी_गोष्टी, एक शंका. नळीतलं पाणी टाकीतल्या पाण्याच्या पातळीइतकंच चढणार ना? कड तर त्याहून दोन सेंटीमीटर वर असते. मग ते कड ओलांडतं कसं? सगळे "सायफन, सायफन" करतात, पण तो सुरू कोण करतं, हे कुणी सांगत नाही.

बसबार (११.५०)

ठसका, रास्त प्रश्न. चालू मोटर कोमट असते, आतली हवाही कोमट. बंद पडली की ती गार होऊन आकसते आणि नळीतलं पाणी वर ओढते. नळीचं भोक ४ मिमी धरलं तर पाणी २ सेंमी वर ओढायला पाव सीसी आकसणं पुरतं. आत २० सीसी हवा असली आणि ती १० अंशांनी गार झाली तर ०.६ सीसी आकसते. म्हणजे झालंच. टाकी काठोकाठ भरलेली असेल तर तेवढंही लागत नाही.

पण मंडळी, तुम्ही सगळे मोटरच्या मागे लागलात. मला त्या झिणझिण्यांची काळजी वाटतेय. झुळूकताई, दोन गोष्टी सांगा. टाकीत आणि टाकीवर आणखी काय काय विजेवर चालतं? आणि तुमच्या मेन बोर्डात 'टी' किंवा 'टेस्ट' लिहिलेलं बटण असलेला स्विच आहे का?

उत्तर देईपर्यंत पाण्यात हात घालू नका. मुलालाही घालू देऊ नका.

वाशिष्ठीकाठ (१२.२०)

तांदळाचा विषय निघालाच आहे तर सांगते. २२ जुलै २०२१ ला आमच्या चिपळुणात पूर आला तेव्हा तळमजल्याच्या घरात छातीभर पाणी होतं. मासे गेले. गेले म्हणजे मेले नाहीत, पोहत गेले. नंतर आठवडाभर आम्ही फ्रिज, मिक्सर, पाण्याचा पंप, माशांची मोटर, सगळं अंगणात मांडून बसलो होतो. आमचे वायरमन तेव्हा एकच सांगत फिरत होते, की सुकवायची घाई करू नका, आधी धुवा. चिखल तसाच सुकला तर तो आत राहतो आणि दमट हवा आली की पुन्हा ओला होऊन करंट वाहतो. मिक्सर आम्ही न धुता उन्हात तापवला, तो महिन्याभरात जळला. विहिरीचा पंप त्यांनी उघडून गोड्या पाण्याने धुतला, बल्ब लावून पेटीत दोन दिवस वाळवला, मेगरने, म्हणजे वीज गळते का ते तपासायच्या यंत्राने, तपासला आणि मगच लावला. तो अजून चालतोय.

तांदळात ठेवलं असतं तर तांदूळही गेले असते. त्या आठवड्यात तांदूळ फार महाग होता हो, दुकानंच नव्हती.

दीड_शहाणा (१२.३१)

माझा फोन मात्र वाचला.

ठसका (१२.३३)

तो तांदळाबाहेर ठेवला असता तरी दोन दिवसांत वाचला असता. उलट पिठूळ धूळ आत गेली नाही, हे नशीब.

झुळूक (१.१०)

बसबार, घाबरवलंत. टाकीवर एलईडी पट्टी आहे आणि आत १०० वॅटचा हीटर, काचेच्या नळीचा. पावसाळ्यात माशांना पांढरे ठिपके येतात म्हणून दुकानदाराने दिला. तो आडवा लावलाय, पाण्याच्या जरा खाली. खाली लावला की पाव त्याला धडका देतो. 'टी'वाला स्विच नाही, साधे काळे खटके आहेत. बिल्डिंग १९८८ ची.

तिन्ही वस्तू एकाच एक्स्टेंशन बोर्डावर आहेत. बोर्ड फळीवर, मोटरच्या शेजारी.

गप्पी_गोष्टी (१.१८)

गोल्डफिशला हीटर? डोंबिवलीत? तो थंड पाण्यातला मासा आहे हो ताई. त्या दुकानदाराला माझा नमस्कार कळवा.

बसबार (१.३५)

थांबा. पहिल्या पोस्टमध्ये तुम्ही लिहिलंय, पाणी चार बोटं खाली गेलं होतं. आणि हीटर पाण्याच्या "जरा खाली" आडवा. म्हणजे पहाटे लाईट आली तेव्हा हीटर उघडा पडला होता आणि कोरडाच तापत होता. त्यावर तुम्ही गार पाण्याची बादली ओतलीत.

गरम काचेवर गार पाणी. पुढचं मी सांगायला नको. आत्ताच्या आत्ता बोर्डाचा प्लग भिंतीतून काढा. खटका बंद करून चालणार नाही, जुन्या वायरिंगमध्ये कधी कधी खटका वीज आणणाऱ्या फेजऐवजी परतीच्या न्यूट्रलवर बसवलेला असतो. प्लग बाहेर. ओला बोर्ड धरू नका, भिंतीकडचा कोरडा प्लग कोरड्या हाताने ओढा. पायात चप्पल.

झुळूक (१.४१)

काढला. हात थरथरतायत. शनिवार रात्रीपासून हे चालूच होतं?

उंबरठा (१.४४)

देवा.

ठसका (२.३०)

पण मग खटका पडला कसा नाही? आपोआप पडणारे एमसीबी असतील ना? आणि मासे कसे जिवंत?

बसबार (३.०५)

एमसीबी तुमच्यासाठी नसतो, तो वायरसाठी असतो. ६ अँपिअरचा एमसीबी म्हणजे ६००० मिलिअँपिअर वाहेपर्यंत तो स्वस्थ बसणार, आणि माणसाला धोका ३० च्या आसपास सुरू होतो. दोनशे पटींचा फरक. माणसाला वाचवायला आरसीसीबी लागतो, तो 'टी' बटणवाला. फेजमधून गेलेली वीज न्यूट्रलमधून तितकीच परत आली नाही की तो पडतो. घरासाठी ३० मिलिअँपिअरचा घ्या. आणि महिन्यातून एकदा ते 'टी' दाबून बघा, नुसतं शोभेला ठेवू नका.

मासे जिवंत, कारण त्यांच्या भोवतीचं सगळं पाणी एकाच विद्युतदाबाला आहे. टाकी काचेची, स्टँड लाकडाचा, विजेला जायला वाटच नाही. वाट झाली ती ताईंची. अनवाणी, नुकत्या पुसलेल्या ओल्या फरशीवर उभ्या राहून हात आत.

परदेशी_पोपट (४.२०)

आमच्याकडे न्यू जर्सीत स्वयंपाकघरात, न्हाणीघरात असा स्विच सॉकेटमध्येच असतो, आणि तो ५ मिलिअँपिअरच्या आसपासच पडतो. वीजही १२० व्होल्ट. अवांतर: मी इथून पुण्यात भाच्यासाठी हवेची मोटर हौसेने नेली होती. त्याने २३० वर लावली. विजेच्या सामानाच्या तपकीर गल्लीतल्या माणसाने ती नुसती हुंगली आणि परत दिली.

चकलीवाला (४.२२)

निदान करायची हीच खरी पद्धत. वास आला तर गेली.

ठसका (५.००)

टेस्टर पाण्यात बुडवून बघितला असता तर रविवारीच कळलं असतं.

गप्पी_गोष्टी (५.२५)

नाही हो, टेस्टर फसवतो. माझ्या टाकीत पाण्यात बुडणारा फिल्टर आहे, एकदम धडधाकट, तरी टेस्टर मंद पेटतो. मीटर लावला तर कधी ४० व्होल्ट दाखवतो, कधी ६०. त्याला हात लावला तर काहीच लागत नाही. कॉइल आणि पाणी यांच्यात रेझिनचा थर असतो, त्यातून नुसता प्रभाव येतो, वीज नाही. आणि खरी गळती असली तरी टेस्टर तसाच पेटणार. त्या लाल दिव्यावर विश्वास ठेवून हात घालणारा आणि उगाच घाबरणारा, दोघेही चुकतात.

बसबार (६.१०)

गप्पींना +१. खरी तपासणी वीज काढून करायची असते. घरात कुणाकडे मल्टिमीटर आहे? वस्तूची पिन बाहेर, वस्तू पाण्यात. मीटर मेगाओहमवर, एक काडी पिनेला, दुसरी पाण्यात. दोन्ही पिना एकेक करून बघायच्या. मीटरने काहीच आकडा दाखवला नाही तर बरं. आकडा आला तर ती वस्तू कचऱ्यात. मेगर असेल तर उत्तम, तो ५०० व्होल्टला तपासतो, मीटरची बॅटरी फार अशक्त असते. त्यामुळे मीटरने "खराब" म्हटलं तर ते खरं, पण "चांगलं" म्हटलं तर ते पूर्ण खरं नाही.

उंबरठा (६.३०)

मी टाकीत अर्थिंगची तार सोडणार होतो. एका व्हिडिओत पाहिलं.

बसबार (६.४५)

आरसीसीबी असेल तरच. मग गळती पुरेशी वाढली की तो पडतो, तुमचा हात आत असायची गरज नाही. आरसीसीबी नसताना तार सोडलीत तर विजेला कायमची वाट दिलीत, आणि ती माशांच्या अंगावरून.

गप्पी_गोष्टी (७.०२)

इथे माझं वेगळं मत आहे. तार साध्या तांब्याची सोडू नका, मग आरसीसीबी असो नसो. तांबं पाण्यात उतरलं की गोगलगाय आणि झिंगे आधी जातात, मग मासे. टायटेनियमचीच लागते. आणि खरं सांगायचं तर नळीत पाणी उलटं येऊ न देणारा ५० रुपयांचा वॉल्व लावला असता तर या तारेपर्यंत यायची वेळच आली नसती.

झुळूक (मंगळवार, रात्री ९.१५)

अपडेट देते. दीर मीटर घेऊन आला होता. तो लॅमिंग्टन रोडला नेहमी जातो, त्यामुळे त्याच्या बॅगेत सगळं असतं.

एलईडी पट्टी: काही नाही. मोटर तशीही पाण्यात नसते, तिची फक्त कॉइल बघितली, बाराशे ओहमच्या आसपास. हीटर पाण्यात ठेवून बघितला तर एका पिनेला ८० किलोओहम. बाहेर काढून टॉर्च मारला तेव्हा दिसलं. काचेला केसाएवढा तडा, आतल्या बाजूला बारीक थेंब. नवऱ्याने तो तडा बघितला आणि हात अवघडण्याबद्दल पुन्हा एक शब्द काढला नाही.

पाणी दीराने स्टीलच्या मगने खाली-वर करून करून माशांना हवा दिली, रात्री मी आणि मुलगा पाळीपाळीने. आज पॉवर बँकवर चालणारा छोटा पंप आणलाय.

बसबार (९.४०)

२३० भागिले ८०,०००, म्हणजे जवळपास ३ मिलिअँपिअर. झिणझिण्यांचा हिशेब बरोबर लागला. एक कटू गोष्ट मात्र सांगायला हवी. आरसीसीबी असता तरी एवढ्यावर तो पडला नसता. ३० चा आरसीसीबी १५ च्या खाली गप्पच असतो. तडा वाढल्यावर पडला असता. म्हणून तो बसवाच, पण तो आहे म्हणून चालू टाकीत हात घालू नका. हात घालण्याआधी प्लग बाहेर. आणि पुढे कधी हीटर लावलात तर बंद करून पंधरा मिनिटं थांबायचं, मगच पाणी कमी करायचं.

गप्पी_गोष्टी (९.५५)

पुढे कधी लावू नका. गोल्डफिश!

आणि हो, नळाचं पाणी थेट बादलीने ओतू नका, त्यात क्लोरीन असतं. रात्रभर उघडं ठेवलं तर बराचसा उडून जातो, किंवा क्लोरीन मारायचं औषध मिळतं, त्याचे थेंब टाका.

वाशिष्ठीकाठ (१०.०५)

ते ओलं झालेलं एक्स्टेंशन बोर्ड टाकून द्या. मोटरपेक्षा त्याचीच भीती जास्त. आत पितळी पट्ट्या असतात, त्यांना हिरवं चढलं की सैल होतात, सैल झाल्या की तापतात. नवीन बोर्ड भिंतीवर टांगा, आणि प्रत्येक वायर सॉकेटच्या खाली झोका घेऊन मग वर जाऊ दे. पाणी वायरवरून ओघळलंच तर झोक्याच्या तळाशी ठिबकेल, प्लगमध्ये जाणार नाही.

झुळूक (१०.२०)

सगळं वहीत लिहून घेतलं. आता माझा मूळ प्रश्न. मोटर?

बसबार (१०.३१)

फेका. साडेतीनशेची वस्तू आहे.

गप्पी_गोष्टी (१०.३४)

अजिबात फेकू नका. कॉइल शाबूत आहे, पाणी गोडं होतं, चिखल नव्हता. समुद्री टाकीचं खारं पाणी असतं तर मीच फेका म्हटलं असतं.

बसबार (१०.४०)

गोडं असलं तरी आत वायरचे दोन सोल्डरचे टाके आहेत. ते सहा महिन्यांनी गंजतील, आणि तेव्हा ही मोटर कुठल्या फळीवर असेल?

गप्पी_गोष्टी (१०.४६)

टाकीच्या वर, भिंतीला टांगलेली. आणि नळीत वन वे वॉल्व, पाण्याच्या पातळीच्या वर, बाण टाकीकडे. उलट्या बाजूने तोंडाने फुंकून बघायचं, हवा गेली तर वॉल्व बदलायचा. फक्त एक करा ताई, रबराच्या वाटीला तो पिवळ्या-निळ्या डब्यातला गंज काढायचा स्प्रे मारू नका. बरेच जण मारतात. तेलाने रबर फुगतं आणि वास टाकीत उतरतो.

ठसका (१०.५२)

दोघंही बरोबर आहात, म्हणजे झुळूकताईंची पंचाईत तशीच.

झुळूक (शुक्रवार, रात्री ८.३०)

शेवटचं अपडेट. टाकीसाठी नवीन मोटर घेतली, वर टांगली, वॉल्व लावला. वायरमन रविवारी येऊन आरसीसीबी बसवणार आहे. तो म्हणाला, आधी बिल्डिंगचं अर्थिंग बघावं लागेल, त्यामुळे सोसायटीच्या बैठकीत माझी भजी आणि पाव विषयपत्रिकेवर आहेत.

जुनी मोटर मी आणि मुलाने उघडली. झडपेत बडीशेपेएवढा शेवाळाचा गोळा होता. तो काढला, वाटी धुतली, तीन दिवस पंख्याखाली ठेवली. दीराने टाके बघून नवे डाग दिले. आता छान घर्रर्र करतेय. मुलगा ती शाळेत भाता कसा चालतो ते दाखवायला नेणार आहे, तेही शिक्षकांसमोर आणि पाण्यापासून लांब. बसबार आणि गप्पी, दोघांचंही ऐकलं असं समजा.

बसबार (८.४४)

समजलं. :)

चकलीवाला (८.५०)

बैठकीत चहा असेल तर भजी-पाव कुणी मागवले, यावरून गोंधळ व्हायच्या आत खुलासा करून टाका.

नवा_सभासद (शनिवार, सकाळी ७.०५)

फक्त शीर्षक वाचलं. तांदळात ठेवून बघितलं का?